दीपानं सांगितलेली सूज

दीपा मगदूम नक्की काय शिकतीया, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. विचारणारे मात्र कायम भेटायचे. लग्नात, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात दर्शनाला गेल्यावर, नाहीतर मार्केट यार्डाच्या चहाच्या गाड्यावर.

"काय ओ तवनाप्पा, पोरगी अजून शिकतीयाच व्हय?"

"शिकतीया की. पीएच.डी."

"कशात म्हणं?"

मग तवनाप्पा डोक्यावरची पांढरी टोपी जरा मागं सरकवायचे आणि पोरीनं शिकवलेलं आठवून आठवून सांगायचे. "दोनशे वर्सांमागं विंग्रज लोकांनी आपल्यावर कविता केल्या, भाषांतरं केली. त्यात काय काय थापा मारल्या, त्ये ही हुडकतीया."

"आन् सापडल्या म्हंजे?"

"म्हंजे डॉक्टर हुईल."

"आयला! थापा त्यांनी मारल्या आन् डॉक्टर ही?"

गाड्यावर हशा व्हायचा. तवनाप्पाही हसायचे. घरी येऊन दीपाला सांगायचे, तीही हसायची. पण रात्री तिच्या मनात यायचं, आप्पांनी आपला विषय जितका नीट सांगितला तितका आपल्याला सिनॉप्सिसमध्येही मांडता आला नव्हता.

दीपा तेव्हा अडतिशीला टेकलेली. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायची. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली की तोही बंद. वर्गात ती प्रमाण मराठी आणि स्वच्छ इंग्रजी बोलायची. स्कूटर शाहूपुरीकडं वळली की जिभेचा ताण उतरायचा आणि घराच्या दारात 'मी आले'चं 'मी आलो' होऊन जायचं. लग्न राहिलं ते राहिलंच. शेजारच्या शालूबाई तोंडावर म्हणायच्या, "तुझा त्यो मेलेला कॅप्टन सोड गं आता. एखादा जिता बघ."

हा कॅप्टन म्हणजे कॅप्टन लँगरिज. दीपाच्या प्रबंधाचा मधला मोठा भाग ह्याच माणसानं अडवला होता. इंग्रजीतल्या रोमँटिक काळात, म्हणजे तिकडं कवी लोकांना डोंगर, दऱ्या आणि लांबचे देश सगळं सुंदर आणि भयानक दिसत होतं त्या दिवसांत, हा गडी पलटणीबरोबर आपल्या भागात आला. नदीकाठच्या एका गावाबाहेर त्याचा तंबू पडला. त्या गावात एका म्हाताऱ्या जैन गृहस्थानं सल्लेखना घेतलेली. वय झालं, देह थकला, आता अन्न हळूहळू सोडायचं, सगळ्यांपुढं हात जोडून क्षमा मागायची आणि जाग्या मनानं जायचं, असं ते व्रत. गाव दर्शनाला लोटलेलं. कॅप्टननं आपल्या मुन्शीला, म्हणजे दुभाष्याला विचारलं, हे काय चाललंय? मुन्शीला वाटलं, खरं सांगितलं तर साहेब मधे पडणार. तो म्हणाला, म्हातारा आजारी आहे, अन्न जात नाही.

साहेबानं लगेच आपला डॉक्टर आणि दूध पाठवलं. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. पोरं आडवी आली. मग साहेबानं आपल्या अकलेनं ताडलं, की आजार वगैरे काही नाही, पोरंच बापाला उपाशी मारतायत. शिपाई बोलावले, पोरांना बाजूला ओढलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडात दूध ओतलं. व्रत मोडलं. म्हातारा त्या दुःखात गेला.

कॅप्टन पुढं विलायतेला परतला. त्यानं ह्यावर लांबलचक कविता लिहिली आणि वर छापलं, 'मूळ मराठा गीतावरून भाषांतर.' मूळ गीत असं काही नव्हतंच. कवितेत सोन्याचा हंडा आला, कपटी मुलगे आले, भाकरीसाठी टाहो फोडणारा बाप आला. लंडनच्या वर्तमानपत्रांनी ती कविता बातमी म्हणून वापरली. बातमीवरून प्रवासवर्णनं झाली, प्रवासवर्णनांवरून अहवाल. दीपानं ह्या सगळ्याचा एक तक्ता केला होता. कुणाचं खोटं कुणी उचललं, त्यात कुणी काय घातलं, ह्याचे बाणच बाण. आणि सगळे बाण मागं मागं नेले की एका जागी येऊन थांबायचे. कॅप्टननं कवितेखालच्या टिपेत तक्रार केली होती, 'माझ्या मुन्शीनं मला आधी आजार म्हणून सांगितलं.' तिथं.

त्या प्रकरणाच्या शेवटी दीपानं लिहिलं होतं : 'ह्या साऱ्या असत्याचं पहिलं बी मुन्शीच्या दयेत आहे. दुभाष्याला दया करण्याचा अधिकार नसतो.'

तिच्या गाईड नंदिनी मॅडमनी समासात पेन्सिलनं लिहिलं, 'जरा कठोर होतंय. मुन्शीची बाजूही बघा.'

दीपानं ते बाजूला ठेवलं. तिला ते वाक्य आवडायचं.

तवनाप्पांचा जन्म गुळाच्या अडतीत गेलेला. आता दुकान बंद होतं, मुलगा वृषभ पाइपांच्या धंद्यात पडलेला, पण म्हाताऱ्याच्या बोलण्यातनं गूळ गेला नव्हता. कागलकडनं, राधानगरीकडनं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा यायच्या. बाहेरनं पिवळ्याधमक, सोन्यासारख्या. तवनाप्पा त्या रंगाकडं बघायचेच नाहीत. म्हणायचे, "रवा फोडून दाखव." आतला कण बघायचा, जिभेवर ठेवायचा, मग भाव. घरातही तेच. वृषभ शाळेत असताना मार्क सांगायला लागला की, "रवा फोड. नापास किती विषयात?" सून बघायला गेल्यावर पाव्हण्यांनी मुलीचं फार कौतुक चालवलं तर हे मधेच, "त्ये ऱ्हाऊ द्या ओ. जरा रवा फोडा." बायको सुरेखाबाई कपाळाला हात लावायच्या.

कॅप्टनची गोष्ट दीपानं आप्पांना सांगितली, तेव्हा ते जेवण उरकून गच्चीत बसले होते. दिवस बुडायच्या आत जेवायची त्या घराची रीत. सगळं ऐकून घेतल्यावर ते साहेबाबद्दल काहीच बोलले नाहीत.

"त्यो मुन्शी वाईट नव्हता," ते म्हणाले. "भ्यालेला. पर म्हाताऱ्याला एकदा इचारायचं न्हाय व्हय? की बाबा, मी साहेबाला असं असं सांगतोय, चालंल का?"

"कोण विचारतंय आप्पा."

"माझ्या बाबांनी घेतलेली की सल्लेखना. तू पाळण्यात हुतीस. सगळा गाव येऊन गेला. ज्याच्याबरोबर बांधावरनं डोकी फुटलेली, त्योबी आला. बाबांनी त्याच्यापुढं हात जोडलं. त्यो गडी ढसाढसा रडला." आप्पा म्हणाले, "माणसानं जाताना जागं असावं बघ, दीपे. सगळ्यांस्नी हात जोडावं, मग खुशाल जावं."

"गुंडूकाकांनाबी?"

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "त्यालाबी. पर आत्ता न्हाय."

गुंडू हा तवनाप्पांचा पाठचा भाऊ. दोघं एका ताटात जेवलेले, एका अडतीत बसलेले. गावात पंचकल्याण पूजा झाली, तेव्हा पहिल्या कलशाचा सवाल होता. सवाल म्हणजे मांडवात उभं राहून बोली बोलायची, ज्याची बोली मोठी त्याच्या हातून पहिला अभिषेक. तवनाप्पांनी आईच्या नावानं बोली लावली. गुंडूनं त्यावर चढवली, तीही आईच्या नावानं. तवनाप्पांनी वाढवली, गुंडूनं वाढवली. माणसं टाळ्या पिटत होती. एका आईसाठी दोन भाऊ भर मांडवात एकमेकांवर चढत राहिले आणि एका घटकेला तवनाप्पा गप्प झाले, खाली बघत मांडवाबाहेर पडले. कलश गुंडूच्या हातून ढळला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. गुंडू कळंब्याला राहायला गेला. कुणी विचारलं की तवनाप्पा म्हणायचे, "कळंब्याला असतो," आणि त्यांच्या आवाजावरनं नवख्या माणसाला वाटायचं, भाऊ तिथल्या जेलात हाय की काय.

दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. घरोघर जाऊन 'उत्तम क्षमा' म्हणायचं, वर्षभराचं दुखलंखुपलं मिटवायचं. तवनाप्पा सगळी गल्ली फिरायचे. कळंब्याच्या वाटेला जायचे नाहीत. आणि तिकडं गुंडूही शाहूपुरीची वाट सोडून सगळीकडं फिरायचा.

पोटात दुखायला लागलं ते उन्हाळ्यात. आधी ओवा, मग हिंग, मग गल्लीतला डॉक्टर, मग मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टर अभिरामना मराठी येत होतं. पण वाईट बातमी इंग्रजीत सांगायची आपल्याकडं एक पद्धत पडली आहे. ती पेशंटच्या डोक्यावरनं जाते आणि नातेवाइकांच्या पदरात पडते. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि दीपाकडं बघत बोलत राहिले. स्वादुपिंड. कॅन्सर. यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. काही महिने.

खुर्चीत आप्पा बसलेले. शर्टाची बटणं लावत होते. लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणत्यात गं?"

खोलीत सगळे दीपाकडं बघायला लागले. आईचे डोळे मोठे झालेले. तिला शब्द कळले नव्हते, सूर कळला होता. वृषभनं टेबलाखाली दीपाच्या पायावर पाय दाबला. डॉक्टर फिल्म पाकिटात घालायला लागले.

"सूज हाय आप्पा," दीपा म्हणाली. "स्वादुपिंडाला सूज आलीया. औषधानं उतरंल."

"सूज व्हय?"

"सूज."

जन्मभर रवा फोडून बघितल्याशिवाय भाव न करणाऱ्या माणसानं तेवढ्यावर मान हलवली. का, तर पोरीनं सांगितलं. डबल एम.ए. झालेली, विंग्रजांच्या थापा हुडकणारी पोरगी. तिथनं बाहेर पडताना ते रिसेप्शनवरच्या मुलीलाही सांगून आले, "काय न्हाय ओ. नुस्ती सूज हाय."

दीपा गाडी काढायच्या निमित्तानं पार्किंगमध्ये गेली आणि बराच वेळ गाडी काढलीच नाही.

घरात नियम ठरला. कुणी ठरवला असं नाही, ठरला. भेटायला आलेल्या माणसाला आधी स्वयंपाकघरात न्यायचं. तिथं सुरेखाबाई ओट्याकडं तोंड करून हळू आवाजात सांगायच्या, "त्यांस्नी ठावं न्हाय. सूज म्हणून सांगितलंय." पाव्हणा डोळे पुसायचा, पाणी प्यायचा आणि तोंड धुतल्यासारखा बाहेर येऊन म्हणायचा, "काय तवनाप्पा, सूज म्हणं! माझ्या मेव्हण्यालाबी आलती. आता मोटरसायकल चालवतोय." दुसरा सांगायचा, जोतिबाच्या वाटेवर एक जण झाडपाला देतो. शालूबाईंनी तर सूज पित्ताची ठरवली आणि कोकमाचं सरबत पाठवलं. वृषभनं मार्केटात अल्सर सांगितला. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'श्री. तवनाप्पा मगदूम यांची प्रकृती झपाट्याने सुधारत आहे.' खाली हात जोडल्याची चित्रं, गुलाबाची फुलं, 'गेट वेल सून अण्णा'.

दीपा तो मेसेज बघत बसली. तिच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. बाणच बाण. हाही तसाच काढता आला असता. पित्त, अल्सर, सरबत, झाडपाला, गुलाबाची फुलं. आणि सगळे बाण मागं नेले की दवाखान्यातल्या त्या खुर्चीपाशी, तिच्याच तोंडाशी.

आप्पांचं वजन उतरत होतं. ते म्हणायचे, "सूज उतरतीया न्हवं, म्हणून अंगबी उतरतंय."

कळंब्याला बातमी पोचली ती खरी पोचली. खोटी बातमी आप्पांपुरती होती, खरी बाकीच्या सगळ्या जगाला ठाऊक होती. एक दिवस दीपा तास संपवून कॉलेजच्या गेटबाहेर आली तर समोर गुंडूकाका. टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. उन्हात उभं राहून राहून चेहरा लाल झालेला.

"कवापासनं उभा हायसा काका?"

"त्ये ऱ्हाऊ दे. अण्णा किती दिवसाचा हाय?"

दीपानं खाली बघितलं.

"मी येतो घरला," काका म्हणाले. "संध्याकाळीच येतो."

"नको काका."

"का? अजून राग हाय व्हय त्याचा?"

"राग न्हाय ओ. त्यांना ठाऊक न्हाय. सूज म्हणून सांगितलंय. तुम्ही इतक्या वर्सांनी एकदम दारात उभा ऱ्हायलासा तर कळंल की त्यांना. म्हणतील, गुंडू आला म्हंजे माझं काय खरं न्हाय."

काका तिच्याकडं बघत राहिले. पिशवीचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला.

"म्हंजे माझं थोबाडच रिपोर्ट हाय म्हण की."

दीपाला रडावं की हसावं कळेना.

"बरं," ते म्हणाले. "तू शिकल्याली हायस. कवा येऊ त्ये सांग."

"मी सांगतो काका."

"सांग बरं का. उशीर करू नगंस." ते निघाले. चार पावलं जाऊन परत वळले, पिशवी तिच्या हातात दिली. आत गुळाची ढेकळं होती, काळपट, बिनरंगाची. "कागलचा हाय. त्याला दे. म्या दिला म्हणू नगंस."

दीपानं गूळ नेऊन दिला. आप्पांनी एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "झकास हाय. कुठला गं?"

"मार्केटातला," दीपा म्हणाली.

हे दुसरं खोटं. पहिल्याइतकं जड गेलं नाही.

श्रावण लागला तसं आप्पांनी एकदा तिला जवळ बसवलं. आता ते पलंगावरच असायचे. पाय काड्यांसारखे झालेले, पोट तेवढं वर आलेलं.

"दीपे, मी एक ठरीवलंय. औंदा क्षमावणीला कळंब्याला जायाचं."

"गुंडूकाकांकडं?"

"मग काय जेलात? त्याच्याकडंच. मी थोरला हाय. मीच मांडवातनं उठून आलतो. म्याच जायाला पायजे." ते दमले, जरा थांबले. "तू गाडी काढ. जिन्यावरनं वृषभ उतरवंल मला. सूज तेवढी उतरू दे."

तिथं सांगता आलं असतं. आप्पा, उद्याच जाऊ. आप्पा, क्षमावणीपर्यंत थांबायला नको. नुसतं एवढं म्हटलं असतं तरी त्या माणसाला कळलं असतं. गुळाच्या कणावरनं उसाचं रान ओळखणारा माणूस. दार उघडं होतं. दीपानं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"जाऊया की आप्पा."

"बास. ठरलं."

ते समाधानानं भिंतीकडं वळून झोपले. त्यांना वाटत होतं वेळ आहे. वेळ दीपानंच दिला होता त्यांना, तोही नसलेला.

त्या आठवड्यात नंदिनी मॅडमचा फोन आला. प्रबंध बांधणीला द्यायचा होता. "दीपा, ते मुन्शीचं वाक्य काढताय ना? बाहेरचे परीक्षक अडवतील. त्या बिचाऱ्यानं चांगल्या हेतूनंच केलं."

"मॅडम," दीपा म्हणाली, "तो म्हातारा काय करणार होता, मुन्शीला ठाऊक होतं. त्याला कशाची गरज आहे, हेही ठाऊक होतं. तरी त्यानं केलं."

"तुमचा आवाज बसलाय. बरं नाही का?"

"सूज आहे जरा," दीपाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं फोन ठेवला आणि सरळ बाहेर येऊन आईला आणि वृषभला सांगितलं, "मी उद्या आप्पांना खरं सांगणार."

वृषभ उसळला. "येडी झालीस? हाय तेवढे दिवस तरी सुखानं जगू दे की त्यांना! झुरून मरतील."

"त्यांना हात जोडायचेत, वृषभ. जागेपणी. आज्जांसारखं. ते आपण मधेच खाऊन टाकलंय."

"तू तुझा प्रबंध घरात आणू नकोस."

"मी न्हाय आणला. त्यो आला."

सुरेखाबाई कोथिंबीर निवडत होत्या. हातातली जुडी संपवली, देठं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मी सांगू शकत न्हाय. माझ्यात ती ताकद न्हाय. तू सांग."

सकाळी दीपा अंघोळ करून, बस्तीत जाऊन आली. आप्पांच्या खोलीत शिरली तर ते पलंगावर बसून खिडकीकडं हात करत होते. डोळे हळदीसारखे पिवळे.

"कागलची गाडी आली काय गं? रवे उतरून घे म्हणावं. पाऊस हाय."

बाहेर लख्ख ऊन होतं.

डॉक्टर अभिराम घरी येऊन बघून गेले. कावीळ चढलीय, त्याचं विष डोक्यात गेलंय, आता भान असं राहणार नाही, म्हणाले. ह्या वेळी ते मराठीत बोलले, पलंगाशेजारीच उभं राहून. आता कुणापासून लपवायची गरज उरली नव्हती.

तरी दीपानं सांगितलं. सगळे बाहेर गेल्यावर पलंगाच्या कडेला बसून, त्यांचा हात हातात घेऊन, मोठ्यानं सांगितलं. "आप्पा, सूज न्हाय. कॅन्सर हाय. पहिल्या दिवसापासनं हाय. मी खोटं बोललो."

आप्पांनी तिच्याकडं निरखून बघितलं. तिला वाटलं, कळलं. त्यांनी मान जरा पुढं केली.

"फोडून बघितलंस?"

"व्हय आप्पा."

"मग लाव भाव," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ती उठली, फोन घेतला आणि गुंडूकाकांना एवढंच म्हणाली, "काका, या."

पुढं दीपाची तोंडी परीक्षा झाली, त्याबद्दल इथंच सांगून टाकतो. विद्यापीठातला हॉल, धारवाडकडनं आलेले परीक्षक, मागच्या रांगेत सुरेखाबाई, वृषभ आणि पेढ्यांचा बॉक्स. परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. सगळा प्रबंध इतका संयमी, मग मुन्शीवर असं वाक्य कशासाठी? दया हा गुन्हा आहे का? नंदिनी मॅडमनी खाली बघितलं. वाक्य काढलेलं नव्हतं. उलट, आधी ते प्रकरणाच्या शेवटी होतं, आता सुरुवातीला आलेलं.

दीपा म्हणाली, "दया केली हे खरंच आहे सर. त्याला शिक्षा व्हावी असं मी कुठं लिहिलेलं नाही. पण त्या म्हाताऱ्याला एक काम उरकायचं होतं आणि ते त्याला एकट्यालाच करता येणार होतं. मुन्शीनं त्याला ते करू दिलं नाही. एवढंच लिहिलंय."

परीक्षकांनी पान उलटलं. शेवटी टाळ्या झाल्या, पेढे झाले. शालूबाईंनी गल्लीत फ्लेक्स लावायचा घाट घातला होता, तो दीपानं लावू दिला नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी गुंडूकाका आले तेव्हा उन्हं कलली होती. धुतलेलं धोतर, धुतलेली टोपी, बस्तीत जाताना असतो तसा पोशाख. जिना चढताना त्यांनी भिंतीला हात लावला होता. सुरेखाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी कपाळाला लावून तसाच खाली ठेवला. सरळ खोलीत गेले. पलंगाशी जाऊन वाकले आणि दोन्ही हात जोडले.

"अण्णा, मी आलोय. उत्तम क्षमा. कलश तुझाच हुता. म्या हट्टानं चढीवला. मला माफ कर."

आप्पांनी डोळे उघडले. त्या पिवळ्या डोळ्यांनी बराच वेळ समोरच्या माणसाकडं, त्याच्या टोपीकडं, जोडलेल्या हातांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले. आवाज इतका बारीक की शेजारी उभ्या माणसालाही ऐकू येईना. दीपानं त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"कुठल्या गावचं पावणं?" आप्पा म्हणाले. मग थांबून, "उनातनं आल्यात. च्या द्या त्यांस्नी."

दीपा सरळ उभी राहिली.

"काय म्हणला?" गुंडूकाकांचे हात अजून जोडलेलेच होते. "माझं नाव घेतलं का?"

खोली तीच नव्हती, पण सगळं तेच होतं. आई डोळे मोठे करून तिच्याकडं बघत होती, मान होकारार्थी हलवत होती : म्हण, घेतलं म्हण. वृषभ शेजारीच होता, त्याचा पाय तिच्या पायावर आला. आणि ह्या म्हाताऱ्याला काय लागत होतं? चार अक्षरं. गुंडू माफ, असं काहीतरी. ते घेऊन तो कळंब्याला गेला असता आणि उरलेलं आयुष्य त्यावर काढलं असतं. आधीच्या दोन्ही खोट्यांपेक्षा हे सोपं होतं.

"न्हाय काका," दीपा म्हणाली. "ओळखलं न्हाय त्यांनी. कुठल्या गावचं पावणं, असं विचारतायत. उनातनं आल्यात, च्या द्या म्हणाले."

सुरेखाबाईंनी तोंडाला पदर लावला. वृषभ पाय झटकून खिडकीकडं गेला.

गुंडूकाकांनी हात सोडले. पलंगाशेजारच्या स्टुलावर हळूच टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले, आवाज न होता. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. मग त्यांनी टोपीनंच डोळे पुसले, ती परत डोक्यावर घातली.

"बराबर हाय की," ते म्हणाले. "पावणाच झालतो मी." आणि दीपाकडं वर बघून, "खरं सांगितलंस ते बरं केलंस. मघाशी तुझं तोंड बघूनच कळलंतं मला."

खिडकीतनं ऊन भिंतीच्या वरच्या अंगाला गेलं होतं.

"वैनी, च्या टाका," गुंडूकाका म्हणाले. "थोरल्यानं सांगितलंय. दिवस बुडायच्या आत व्हायला पायजे."

सुरेखाबाई आत पळाल्या. दीपानं कपबशी आणून काकांच्या हातात दिली. त्यांनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारली, घोट घेतला. त्या घरातला चहा कितीतरी वर्षांनी त्यांच्या घशाखाली उतरत होता. घोट घेताना त्यांनी भावावरची नजर हलवली नाही. आणि आप्पाही पलंगावरनं त्यांच्याकडंच बघत होते, बशी रिकामी होईपर्यंत, दारी आलेल्या पाव्हण्यानं नीट घेतला का नाही हे घरधन्यानं बघावं तसं.